चार किलोबाइटांचा संसार

दुकानातला खेळ घरच्या टेलिव्हिजनवर कसा आला, त्याची हकीकत

वाड्यातले बिऱ्हाड दोन खोल्यांत हलवण्याची पाळी ज्या घरावर आली असेल, त्या घरच्या गृहिणीला पुढची हकीकत समजायला मुळीच अवघड जाणार नाही. शिसवी पलंग येणार नाही हे पहिल्याच दिवशी कळते. झोपाळ्याचाही निकाल त्याच दिवशी लागतो. मग खरी विवंचना सुरू होते. देव्हारा कुठे ठेवायचा, पाण्याची कळशी कुठे, आणि पाहुणा आला तर त्याला बसवायचे कुठे? एवढे सगळे करून पहिल्या पाहुण्याने ‘अगदी वाड्यासारखंच वाटतं हो!’ असे म्हणावे, ही मनीषा असतेच.

१९७५ ते १९८३ या आठ वर्षांत अमेरिकेत आणि जपानात काही तरुण मंडळींनी नेमका हाच उद्योग केला. करमणुकीच्या दुकानांत आणि गुत्त्यांत माणसाच्या उंचीची, नाणी गिळणारी खेळयंत्रे उभी असत. त्यांतला खेळ उचलून घरच्या टेलिव्हिजनला जोडायच्या लहानशा डब्यात बसवायचा, हे त्यांचे काम. या प्रकाराला तिकडे ‘पोर्ट’ म्हणतात. आपण त्याला बिऱ्हाड हलवणे म्हणू. या हलवाहलवीत कुणाची कीर्ती झाली, कुणाचे नाव दडपले गेले, कोट्यवधी डॉलर मिळाले आणि तितकेच बुडालेही. आज घरोघरी मुले ज्या व्हिडिओ गेममध्ये डोके खुपसून बसतात, त्याची पाळेमुळे या खटपटीत आहेत.

दोन फळ्या आणि एक चेंडू

कॅलिफोर्नियातल्या अटारी या कंपनीने १९७२ साली ‘पाँग’ नावाचा खेळ काढला. पडद्याच्या दोन बाजूंना दोन पांढऱ्या फळ्या आणि मध्ये टोलवला जाणारा चौकोनी चेंडू, एवढाच कारभार. कंपनीचा एक संस्थापक नोलन बुशनेल याने ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनियरला हात बसावा म्हणून हे काम दिले होते. पहिले यंत्र सनीव्हेल गावातल्या एका गुत्त्यात ठेवले, आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्नने जाऊन पाहिले, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून वर आला होता! बिघाड म्हणावा तर तो एवढाच.

मात्र घरच्या टेलिव्हिजनवर खेळ ही कल्पना अटारीची नव्हे. राल्फ बेअर या इंजिनियरने ती आधीच सिद्ध केली होती, आणि त्याच्या यंत्रावरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्येच ‘ओडिसी’ बाजारात आणले होते. त्यात आवाज नव्हता, गुण मोजण्याची सोय नव्हती, आणि मैदानाचे चित्र हवे तर पारदर्शक रंगीत कागद टेलिव्हिजनच्या काचेवर चिकटवावा लागे. त्यातला टेबल टेनिसचा खेळ बुशनेलने पाँगच्या आधी पाहिला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि १९७६ साली अटारीने परवान्याची रक्कम देऊन तडजोड केली.

पाँगला घरी आणणे त्या मानाने सोपे होते. त्या यंत्रात आजच्या अर्थाने प्रोग्रॅम नव्हताच. होते ते नुसते तारा-मंडलांचे जाळे. हॅरोल्ड ली आणि अल्कॉर्न यांनी ते सारे जाळे नखाएवढ्या एका चिपमध्ये उतरवले. ‘सीअर्स’ या मोठ्या दुकानदार कंपनीने १९७५ च्या नाताळासाठी दीड लाख नग मागवले, आणि ते यंत्र सुमारे शंभर डॉलरला खपले. पण त्यात एक खोट होती. डब्यात कायमचा एकच खेळ. पोरे महिनाभर खेळणार आणि मग डबा माळ्यावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

एकशे अठ्ठावीस बाइट

यावर तोड म्हणून अटारीने १९७७ साली नवे यंत्र काढले. त्याचे नाव ‘व्हिडिओ काँप्युटर सिस्टिम’. पुढे ते ‘२६००’ या आकड्याने ओळखले जाऊ लागले. यंत्र एकदाच घ्यायचे आणि खेळांच्या कॅसेटी बदलत राहायच्या, ही त्यातली युक्ती.

दोनशे डॉलरच्या आत किंमत बसवायची म्हणून प्रत्येक भागात काटकसर केलेली. कॅसेटमध्ये खेळाची सारी आज्ञावली मावायची ती ४ किलोबाइट, म्हणजे ४०९६ अक्षरांएवढ्या जागेत. वाचकांनी प्रस्तुत लेखातली अक्षरे मोजली, तर ती संख्या केव्हाच मागे पडेल. आणि खेळ चालू असताना गुण किती, कोण कुठे आहे, कोण मेला हे लक्षात ठेवायला जागा होती फक्त १२८ बाइट. पोस्टकार्डावर घाईघाईने खरडलेल्या खुशालीच्या चार ओळी!

याहून मोठी अडचण चित्राची होती. टेलिव्हिजनच्या काचेवर विद्युत्कणांचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, मग त्याखालची, मग त्याखालची. अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवर अशा २६२ रेघांचे एक चित्र, आणि सेकंदाला अशी साठ चित्रे. नंतरच्या यंत्रांत सगळे चित्र आधी स्मृतीत तयार ठेवून मग झोताच्या हवाली करण्याची सोय आली. अटारीच्या यंत्रात तेवढी स्मृतीच नव्हती. चित्र झोताच्या वेगानेच, रेघेमागून रेघ, तिथल्या तिथे रचावे लागे.

पंगतीत वाढपी झपाझप पुढे जात आहे आणि त्याच्या हातातल्या भांड्यात पानागणिक दुसराच पदार्थ हवा आहे, असे समजा. वाढपी थांबणार नाही. त्याच्याबरोबर पळत, तो पुढच्या पानावर वाकण्याच्या आत भांडे बदलायचे! एका रेघेला मिळणारा वेळ प्रोसेसरच्या ७६ ठोक्यांचा, आणि सर्वांत छोट्या आज्ञेलाही दोन ठोके लागत. म्हणजे एका रेघेत फार तर ३८ आज्ञा. गुण मोजणे, टक्कर झाली का ते पाहणे असले हिशेब एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी जो क्षणभर पडदा रिकामा असे, त्यात उरकायचे.

आणि हलत्या वस्तू किती? मुळात हे यंत्र पाँग आणि रणगाड्यांच्या लढाईसाठी बेतलेले. म्हणून एका रेघेवर दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू, एवढीच पात्रे आणि मागे ओबडधोबड ठोकळ्यांची भिंत. नाटक कंपनीने गावी जाताना दोन नट आणि एक पडदा घेऊन निघावे, आणि गावकऱ्यांनी दरबाराचा प्रवेश मागावा, तशी गत पुढे झाली.

पंचावन्नांचे छत्तीस

१९७८ साली जपानच्या तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो याने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. आकाशातून परग्रहावरच्या प्राण्यांची फौज कवायत करत खाली उतरते आणि खेळणाऱ्याने खालून एकेकाला टिपायचे. फौजेत ११ जणांच्या ५ रांगा, म्हणजे ५५ प्राणी. त्यांना हलवताना बिचारा प्रोसेसर मेटाकुटीला येई. त्यामुळे जसजसे प्राणी मरत, तसतसा त्याचा भार हलका होऊन उरलेले जोरात धावू लागत. हा यंत्राचा दुबळेपणा निशिकादोने तसाच राहू दिला. खेळ रंगात आला तो त्यामुळेच!

हा खेळ घरी आणण्याचा परवाना अटारीने रीतसर मिळवला. दुकानातला नामांकित खेळ घरगुती यंत्रासाठी असा परवाना घेऊन आणण्याची ती पहिलीच वेळ. काम आले रिक मॉरर याच्याकडे. हाताशी पात्रे दोन आणि फौज पंचावन्नांची!

मॉररने यंत्रातली एक बारीकशी सोय हेरली. एकाच खेळाडूच्या आकृतीच्या तीन प्रती ठरावीक अंतराने उमटवता येत. दोन खेळाडूंच्या प्रत्येकी तीन प्रती म्हणजे सहा. झोत खाली उतरला की तीच दोन पात्रे पुन्हा वापरून दुसरी रांग, मग तिसरी. अशा सहा रांगांत ३६ प्राण्यांची फौज उभी राहिली. मूळच्या चार आडोशांपैकी तीनच राहिले. पण कवायतीची ती शिस्त, एकेक मरताच वाढणारा वेग, छातीत धडधड उठवणारा तो ठेका यांतले काही हरवले नाही. शिवाय मॉररने ११२ निरनिराळे प्रकार घातले. कुठे आडोसे सरकतात, कुठे दोन भावंडे एकाच वेळी लढतात. १९८० साली कॅसेट आली आणि केवळ हा खेळ घरी हवा म्हणून लोक यंत्र विकत घेऊ लागले.

पंचावन्नांचे छत्तीस झाले, म्हणून कुणी पैसे परत मागितले नाहीत. मॉररने खेळाचा जीव कशात आहे ते ओळखले होते. बिऱ्हाड हलले, पण देव्हारा बरोबर आला.

नावाचा प्रश्न

या कॅसेटी विकून अटारी आणि १९७६ साली तिला विकत घेणारी वॉर्नर कंपनी मालामाल झाली. ज्यांनी रात्ररात्र जागून खेळ रचले, त्यांना मात्र ठरला पगार. डब्यावर नाव नाही, विक्रीत वाटा नाही. त्या काळी एका कॅसेटचा सारा खेळ, म्हणजे कल्पना, चित्र, आवाज, आज्ञावली, बहुधा एकच माणूस रचत असे. लेखकाच्या नावावाचून पुस्तक छापावे, तसा हा मामला.

वॉरन रॉबिनेट या तरुणाने यावर मुकाट्याने उपाय काढला. काँप्युटरवर नुसत्या शब्दांनी खेळला जाणारा एक गुहेचा खेळ होता. तो त्याने चित्ररूपात आणून ‘ॲडव्हेंचर’ ही कॅसेट रचली, आणि आत एक गुप्त खोली ठेवली. सहज न दिसणारा एक ठिपका शोधून भिंतीपाशी नेला की आत शिरता येई, आणि तिथे झळके: हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला. वरिष्ठांना पत्ता नव्हता. खेळ बाजारात गेल्यावर मुलांनीच ती खोली शोधून काढली. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता.

इतरांनी उघड वाट धरली. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चार कसबी अटारीतून बाहेर पडले आणि १९७९ साली जिम लेव्ही याच्यासह त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. अटारीच्याच यंत्रासाठी कॅसेटी करायच्या, पण त्यावर करणाऱ्याचे नाव छापायचे. अटारीने कोर्टात खेचले, त्याचाही निकाल पुढे तडजोडीत लागला. मग मागे राहिलेल्यांनाही अटारी विक्रीवर थोडा वाटा देऊ लागली. चार जण उठून गेल्यावर पाचव्याची किंमत कळते, हा अनुभव आपल्याकडच्या कचेऱ्यांनाही नवा नसावा.

लुकलुकणारी भुते

१९८० साली नामको कंपनीच्या तोरु इवातानी याने ‘पॅक-मॅन’ काढला. गोळीबार आवडत नाही अशा स्त्रियांनीही दुकानात येऊन खेळावे, हा त्याचा हेतू. चक्रव्यूहातून ठिपके खात पळणारा पिवळा गोळा आणि त्याच्या पाठीशी चार भुते. सारी अमेरिका त्याने वेडी झाली. घरगुती आवृत्तीचे काम अटारीत टॉड फ्राय याच्याकडे आले.

इथे मॉररची हिकमत कामाला येईना. फौज एका ओळीत, ठरल्या अंतरावर उभी होती; भुते मन मानेल तशी हिंडतात. पात्रे दोनच, सोंगे पाच. फ्रायने भुतांना पाळ्या लावल्या. एका चित्रात एकच भूत दाखवायचे, पुढच्यात दुसरे. म्हणजे प्रत्येक भूत चार चित्रांतून एकदा, सेकंदाला पंधरा वेळा दिसायचे. परिणाम असा, की भुते पडद्यावर सारखी लुकलुकू लागली. त्यातच दोघांनी आळीपाळीने खेळण्याची सोय ठेवलेली. त्यामुळे एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याचे कुठले ठिपके खाऊन झाले याची नोंदही त्याच १२८ बाइटांत सांभाळायची. ठिपक्यांच्या जागी आडव्या दांड्या आल्या, चक्रव्यूहाचा घाट बदलला, बाजूंचे बोगदे वर-खाली गेले.

मार्च १९८२ मध्ये कॅसेट बाजारात आली आणि सत्तर लाखांहून अधिक खपली. या यंत्राची ती सर्वांत खपाची कॅसेट. तरीही ती अटारीच्या नावाला बट्टा लावून गेली. डब्यावर नाव पॅक-मॅनचे; घरी आणून लावावे तर आवाज निराळा, घर निराळे, भुते धड दिसत नाहीत. पालकांनी पोरांच्या हट्टापायी पैसे मोजले होते. नावावर विश्वास ठेवून माल घेणारा गिऱ्हाईक एकदा फसतो. दुसऱ्या खेपेला तो डबा उघडून पाहतो.

दोष यंत्राचा की माणसाचा? पुराव्याने बोलू. थोड्याच काळात याच यंत्रावर ‘मिस पॅक-मॅन’ आली. जनरल काँप्युटर या छोट्या कंपनीतल्या मंडळींनी ती केली. तिला ८ किलोबाइट जागा मिळाली होती. कॅसेटमध्येच दोन कप्पे करून आळीपाळीने उघडण्याची ही युक्ती अटारीने १९८१ साली ‘ॲस्टेरॉइड्स’साठी वापरलेली होतीच. तिच्यातली भुते उगाच लुकलुकत नाहीत; एकाच उंचीवर गर्दी झाली तरच पाळ्या लागतात. आणि पुढे कित्येक वर्षांनी हौशी कसबींनी त्याच जुन्या यंत्रावर, त्याच ४ किलोबाइटांत, मूळच्या कितीतरी जवळ जाणारा पॅक-मॅन बसवून दाखवला. यंत्रात जागा होती. ती हुडकायला दिवस लागतात. ते दिवस एकट्या फ्रायच्या हातात नव्हते. नाव आधीच विकले गेले आहे, तेव्हा माल कसाही खपेल, हा हिशेब वरच्या मजल्यावरचा होता.

नाही म्हणण्याचे धैर्य

याच अटारीत हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ नावाचा तरुण होता. त्याला ‘स्टार कॅसल’ हा दुसऱ्या कंपनीचा खेळ घरगुती यंत्रावर आणायला सांगितले. त्याने अभ्यास केला आणि स्पष्ट सांगितले, की या यंत्रावर हा खेळ भिकार दिसेल. यातले तत्त्व तेवढे घेतो आणि दुसरा खेळ रचतो. वरिष्ठांनी ऐकले. त्यातून १९८२ साली ‘यार्स रिव्हेंज’ निघाला आणि अटारीच्या स्वतंत्र खेळांत तो खपाला फार वरचा ठरला.

दैवाचा खेळ पाहा. त्याच वर्षी जुलैअखेर ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरून खेळ करण्याचा करार झाला आणि माल नाताळात दुकानांत हवा म्हणून त्याच वॉर्शॉला पाच आठवड्यांची मुदत मिळाली. एरवी असल्या कामाला कित्येक महिने लागत. त्याने शब्द पाळला, खेळ पुरा केला. पण त्यातला बापडा ई. टी. पावलोपावली खड्ड्यांत पडे आणि मुले वैतागत. सुमारे चाळीस लाख कॅसेटी काढल्या, त्यांतल्या बहुसंख्य अंगावर पडल्या.

डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नरने नफा अपेक्षेपेक्षा फार कमी होणार असे जाहीर करताच शेअर कोसळले. १९८३ साली अटारीचा तोटा पन्नास कोटी डॉलरच्या वर गेला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आला. तीस वर्षे ही दंतकथाच मानत. एप्रिल २०१४ मध्ये खणून पाहिले, तर कॅसेटी खरोखरच निघाल्या, ई. टी. च्या होत्या, तशाच इतर नावाजलेल्या खेळांच्याही.

या पडझडीचे खापर बहुतेक जण वॉर्शॉच्या माथी फोडतात. पाच आठवड्यांत एकट्याने केलेल्या कामाने एवढा धंदा बुडत नसतो. वर्षभर बाजारात वाटेल त्या कंपनीच्या वाटेल तशा कॅसेटींचा पूर आला होता आणि गिऱ्हाइकाचा विश्वास आधीच आटला होता.

एक मजला कमी

मोडलेला डाव पुन्हा मांडला तो जपानने. निन्टेंडो कंपनीत शिगेरु मियामोतो याने १९८१ साली ‘डाँकी काँग’ रचला. माकडाने पळवलेल्या मुलीला सोडवायला एक सुतार शिड्या चढत जातो. वरून पिंपे गडगडत येतात. मूळ यंत्रात याचे चार टप्पे होते. अमेरिकेत हा खेळ घरी आणला कोलेको कंपनीने. तिची सुरुवात १९३२ साली चामड्याच्या व्यापारात झालेली! तिच्या स्वतःच्या १९८२ च्या यंत्रावर तीन टप्पे आले. अटारीच्या यंत्रासाठी तोच खेळ गॅरी किचन याने केला, त्यात ४ किलोबाइटांत दोनच टप्पे मावले.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोने जपानात आपले ‘फॅमिली काँप्युटर’ आणले, तेव्हा डाँकी काँग घरी नीट चालला पाहिजे, ही मासायुकी उएमुरा आणि त्याच्या साथीदारांची कसोटी होती. चालला, फार छान चालला. फक्त सिमेंटच्या कारखान्याचा मजला गाळावा लागला.

या यंत्राशी आपलाही दूरचा ऋणानुबंध आहे. १९९० नंतरच्या काळात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ‘टीव्ही गेम’ नावाचा जो डबा आला, तो बहुधा याच जपानी यंत्राची नक्कल होती. शेकडो खेळांचे आमिष दाखवणाऱ्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा निघत. पण त्यांत डाँकी काँग पुष्कळदा असे. तो खेळलेल्या आपल्या पोरांना मधला एक मजला गायब आहे याची गंधवार्ताही नव्हती. त्यांना तो पुरा वाटला, कारण चढण्यातली धाकधूक आणि उडी साधल्याचा आनंद जागच्या जागी होता.

आज खिशातल्या फोनमध्ये अटारीच्या यंत्राच्या कोट्यवधी पट स्मृती असते, आणि दुकानातला खेळ जसाच्या तसा घरी आणण्यात कसब उरलेले नाही. तरी छत्तीस प्राण्यांची ती फौज अजून कुणी दाखवली, तर अवश्य खेळून पाहावी. शेवटचा प्राणी उरतो आणि पडद्यावरून सैरावैरा धावू लागतो, तेव्हा उरलेल्या एकोणीस जणांची आठवण कुणालाही होत नाही.